एका काट्याचा म्हातारा

बेलकडे बटाट्याचे गरमागरम चिप्स मागू नका. मागितलेत तर तो रागावणार नाही, पण तुम्ही पहिल्यांदाच आलायत हे सगळ्यांना कळेल. गाणी लावा म्हणू नका. फोन बाहेर काढू नका. चकचकत्या दिव्यांचं नाणी टाकून खेळायचं यंत्र शोधू नका. कोपरं टेकून उभं राहायला लांबलचक काउंटरही शोधू नका, कारण तोही नाही. भिंतीत काचेच्या तावदानांची एक खिडकी आहे. तिच्यापाशी जायचं, हवं ते सांगायचं, पैसे द्यायचे आणि आपला पेला आपण उचलून आणायचा.

इतक्या 'नाहीं'नंतरही ज्याच्याकडे माणसं शनिवारी भर पावसात चालत जातात, त्याची ओळख करून घ्यायला हवी.

लंडनच्या पॅडिंग्टनहून पश्चिमेची गाडी धरली की तासाभरात थेम्सकाठचं गोरिंग येतं. नदीचा पूल ओलांडून स्ट्रीटलीत शिरा आणि चढाला लागा. हा सगळा मुलूख खडूच्या टेकड्यांचा. पावसात बुटांना पांढरट चिखल चिकटतो. तीनेक मैलांवर बर्कशरमधलं ऑल्डवर्थ. थोडी घरं, एक चर्च, एक क्रिकेटचं मैदान, छपराखाली झाकलेली एक विहीर. त्या विहिरीजवळ जो ठेंगणा, विटांचा, जुनाट ऐवज ठाण मांडून बसलाय, तो बेल. कागदोपत्री 'द बेल इन'.

गुत्ता म्हणालात तर तो अपमान होईल, हॉटेल म्हणालात तर गैरसमज. आपल्याकडे ह्या जातीला नेमका शब्द नाही. वडाचा पार, देवळाचा ओटा आणि नाक्यावरचा चहावाला ह्या तिघांना एका छपराखाली आणलं तर जे होईल, त्याच्या आसपासचं काहीतरी. 'पब' हे 'पब्लिक हाऊस'चं लाडकं नाव, आणि त्यातला 'हाऊस' हा शब्द ह्या म्हाताऱ्याने फार मनावर घेतलाय. अडीचशेहून जास्त वर्षं एकच कुटुंब त्याला सांभाळतंय. म्हणजे पुण्यात पेशवे राज्य करत होते तेव्हापासून ह्याच घरातलं कुणी ना कुणी त्या दाराशी येणाऱ्याला काय हवं-नको विचारतंय. घराणं म्हणून एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही, आणि तो बाळगतोही.

आत शिरताना मान झुकवा. तुळया बुटक्या आहेत. छत पिवळट-तपकिरी, जुन्या तेलकट पितळेसारखं चमकणारं. भिंतींना लागून बाकं, मध्ये लाकडं जळणारी शेगडी, आणि एक घड्याळ. घड्याळाला काटा एकच. नवखा माणूस आधी ते मोडलंय असं समजतो. ते मोडलेलं नाही. पूर्वीच्या घड्याळांना तासकाटाच असे, कारण मिनिटं मोजावीत असं काम खेड्यात कुणाकडे नव्हतं. दुपार सरत आलीय का, अंधार पडायला किती अवकाश आहे, एवढं कळलं की पुरे. बेलने पुढची दोन-तीनशे वर्षं पाहिली आणि मिनिटकाट्याशिवाय आपलं काही अडत नाही असं ठरवून टाकलं. मला त्याचा हा स्वभाव मनापासून आवडतो. त्या बाकावर बसून एकदा नजर त्या घड्याळाकडे गेली की आपल्या मनगटावरचं घड्याळ जरा उद्धट वाटायला लागतं.

खिडकीपाशी रांग दिसत नाही, पण असते. चार माणसं नुसती उभी असतात, कुणी कुत्र्याच्या कानामागे खाजवतंय, कुणी हवामानावर बोलतंय. आपण पुढे सरकलो तर कुणी अडवणार नाही. पण खिडकीमागच्या माणसाला आधी कोण आलं ते पाठ असतं, आणि आलेल्यांनाही. 'ह्यांचा नंबर आधी' असं खिडकीच्या बाहेरचाच माणूस सांगतो. एसटीच्या दारात वाढलेल्या माणसाला ही न लागलेली रांग आधी घाबरवते, मग सवयीची होते, मग तिच्यावाचून करमत नाही. तसंच फेरीचं. चौघं एकत्र आले की पहिला चौघांसाठी आणतो, मग दुसरा, मग तिसरा. हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण आपली पाळी चुकवणारा ह्या खोलीत वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

आता त्याच्या तळघरातल्या जिवाबद्दल. ते कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

बेल जी बिअर देतो तिला 'रिअल एल' म्हणतात. बाटलीतल्या किंवा स्टीलच्या दाबाच्या टाकीतल्या बिअरपेक्षा हिची जातकुळी वेगळी. ही ब्रुअरीतून निघते ती अर्धवट तयार होऊन. गाळून, तापवून, मारून टाकलेली नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि पिंपात बसून ती दुसऱ्यांदा हळूहळू आंबत राहते. फेस आणि बुडबुडे तिचे स्वतःचे असतात, बाहेरून वायू भरलेला नसतो. म्हणजे ब्रुअरीने सुरू केलेलं काम पबच्या तळघरात पुरं व्हायचं. ज्याला तळघर सांभाळता येत नाही, त्याच्याकडे जगातली उत्तम एलसुद्धा आंबट निघते.

कोकणातल्या माणसाला हे काम सांगायला मला कधी कष्ट पडत नाहीत, कारण ही अढीच आहे. गवतात आंबे लावले म्हणजे झालं नाही. रोज वाकून वास घ्यायचा, हात लावून पाहायचं, कुठला आज काढायचा आणि कुठला उद्यावर ठेवायचा ते ठरवायचं. एक दिवस आधी काढला तर दात आंबतात, एक दिवस उशीर झाला तर डाग पडतो. पिंपाचंही तसंच. ते आडवं ठेवतात, हलू देत नाहीत. वरच्या बुचात आधी सच्छिद्र लाकडाची एक बारीक खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा वायू निघून जातो. पिंपाचा आवेश ओसरला की ती काढून टणक लाकडाची खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहील. गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचं. तळघर ११ ते १३ अंशांवर राहिलं पाहिजे. लोक म्हणतात इंग्रज गरम बिअर पितात. ते खरं नाही. ती विहिरीच्या पाण्याइतकी गार असते. बर्फगार केली तर तिची चवच गप्प बसते.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाळ लवकर बसावा म्हणून पूर्वापार माशाच्या वायुपिशवीपासून केलेला एक पदार्थ एलमध्ये घालतात. आता काही ब्रुअऱ्यांनी तो सोडलाय, पण सगळ्यांनी नाही. खिडकीपाशी विचारलं तर नीट उत्तर मिळतं.

तळघरातून ही एल वर येते ती हातपंपाने. बिअरच्या अशा पंपाचं पेटंट जोसेफ ब्रामा ह्या कारागिराने १७९७मध्ये घेतलं. कुलपं आणि पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं करणारा हा मोठा हिकमती माणूस. लांब दांडी हळूच ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. दोन-तीन ओढींत ५६८ मिलिलिटरचा पिंट भरतो. उत्तरेतल्या यॉर्कशरमध्ये नळाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावून वर दाट सायीसारखा फेस काढतात. इथे दक्षिणेत फेसाची नुसती किनार ठेवतात, आणि उत्तरेचा पाहुणा आला की ह्यावरून तासभर वाद रंगतो. बेल त्या वादात पडत नाही. त्याच्या मते जे भरलंय ते प्यावं.

पेल्यातला रंग जुन्या सागवानाचा. नाकाला भिजल्या गव्हाची, भाजलेल्या पावाची, थोडी वाळल्या गवताची आठवण. पहिला घोट आधी गोडसर, मग मागून कडू, कारल्यासारखं नाही, लिंबाच्या सालीसारखं. स्विंडनच्या आर्केल्स ब्रुअरीची 'थ्रीबी' इथली जुनी ओळखीची, मद्यार्क चार टक्के. त्या ब्रुअरीचा जन्म १८४३चा. चार टक्क्यांत माणूस लवकर झिंगत नाही, बोलत राहतो. ही पेयं गप्पांना पुरावीत अशीच बेतलेली असतात.

आणि आता त्याच्या स्वभावातली खरी गंमत. पिंप उघडलं, आत हवा शिरली, की एल उतरणीला लागते. तीन दिवस, फार तर चौथा. लहान पिंपाला 'फर्किन' म्हणतात. त्यात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट मावतात. हिशेब सोपा आहे. एका फर्किनला रोज चोवीस पिंट पिणारे हवेत, नाहीतर उरलेली एल मोरीत. दुसऱ्या पबांत दाबाच्या टाक्या असतात. त्यांना महिनाभर माणूस आला नाही तरी त्यांचं काही नासत नाही. बेलचं नासतं. गाव दोन दिवस आलं नाही तर तळघरात काहीतरी मरायला लागतं. त्याचा ताठा, त्याचं खिडकीतूनच बोलणं, 'नाहीं'ची ती लांब यादी हे सगळं खरं, पण त्याची गरज त्याहून खरी आहे. इतका एककल्ली दिसणारा म्हातारा माणसांशिवाय तीन दिवस जगू शकत नाही.

म्हणूनच तो फोन बाहेर काढू देत नाही असं मी मानतो. माणसं आली आणि एकमेकांकडे न बघता बसली, तर त्याला काय उपयोग? एखाद्या नवख्याचा फोन खणाणतो, खोलीतली बोलणी मध्येच थांबतात, सगळ्यांच्या माना वळतात. कुणी काही बोलत नाही. नवखा बाहेर अंगणात जातो, परत येतो तेव्हा शेजारचा म्हातारा सरकून त्याला शेगडीजवळ जागा देतो. पाच मिनिटांत त्याला त्याचं गाव, धंदा, मुलंबाळं विचारून झालेली असतात.

हा सगळा प्रकार इंग्लंडातून जवळजवळ संपलाच होता. १९६०च्या सुमाराला मोठ्या ब्रुअऱ्यांनी छोट्या ब्रुअऱ्या गिळायला सुरुवात केली. जिवंत एलला जपावं लागतं, वायू भरलेल्या टाकीला नाही, त्यामुळे टाक्या जिंकत चालल्या. १९७१मध्ये चार इंग्रज मित्रांनी ह्याविरुद्ध चळवळ उभी केली. तिचंच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' झालं, थोडक्यात 'कॅम्रा'. बिअर वाचवायला देशव्यापी संघटना, हे आपल्याला हलकंफुलकं वाटेल, पण तळघरं वाचली ती ह्या लोकांमुळे. ह्याच कॅम्राने बेलला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं, एकदा १९९०मध्ये आणि पुन्हा २०१९साठी. दोन्हींच्या मध्ये म्हाताऱ्याने स्वतःत काय बदल केला? काहीही नाही. त्या दुसऱ्या बक्षिसाचं मोल मला पहिल्यापेक्षा जास्त वाटतं.

ह्या एलचं आपल्याकडे जुनं येणं-जाणं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधल्या बो ब्रुअरीचा हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर फिकट रंगाची एल चढवून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पाठवायचा. १८२०च्या दशकात बर्टनच्या ब्रुअऱ्या ह्या धंद्यात उतरल्या आणि बर्टनच्या पाण्यातल्या जिप्समने त्या एलला खास चव आली. जगभर आज जी 'इंडिया पेल एल' पितात तिचं नाव ह्या सफरीवरून पडलं. मुंबई बंदरात उतरलेली ती पिंपं गोऱ्यांसाठी होती, आपल्यासाठी नव्हती. पण बदल्यात आपल्याकडून गेलेल्या वस्तू मात्र इथल्या प्रत्येक पबात बसल्यात. पावाच्या ताटात चीजशेजारी जो तपकिरी, गोडसर, दाटसर पदार्थ वाढतात त्याला 'चटणी'च म्हणतात. आपल्या आजीने ती चटणी म्हणून ओळखली नसती, पण नाव ऐकून खूश झाली असती.

जेवणाच्या बाबतीत बेल कंजूष नाही, निश्चयी आहे. गरम, वरून कुरकुरीत गोल पाव, आत लोणी आणि चेडर, किंवा हॅम, किंवा निळ्या शिरांचं स्टिल्टन. थंडीत सूप. एवढंच. पण पाव खरोखर गरम असतो, इतका की लोणी बोटांवरून मनगटाकडे निघतं. तीन मैल चढून आलेल्याला ह्याहून जास्त काही लागत नाही. दुसऱ्या पबांत 'प्लाउमन्स लंच' मिळेल, म्हणजे नांगऱ्याचं दुपारचं जेवण. चीज, पाव, कांदा, चटणी. हे खाणं जुनं आहे, आपल्या भाकरी-कांद्याचं सख्खं भावंड, पण ते नाव गाजवलं ते चीज विकणाऱ्यांनी. १९५४मध्ये युद्धकाळापासूनचं रेशनिंग उठलं, चीज पुन्हा खपायला हवं होतं. बेलचा साधा पाव अशा कुठल्या नावावर अवलंबून नाही.

त्याचे शेजारी त्याला शोभणारे. चर्चमध्ये द ला बेश घराण्यातल्या नऊ जणांचे चौदाव्या शतकातले दगडी पुतळे आहेत, इतके धिप्पाड की गाव त्यांना 'दैत्य' म्हणतं. त्यांच्यातल्या एकाची गोष्ट इथल्या बाकावर हमखास ऐकायला मिळते. त्याने सैतानाला शब्द दिला होता की मला चर्चच्या आत पुरलं किंवा बाहेर पुरलं, तरी माझा आत्मा तुझा. मरताना त्याने स्वतःला भिंतीत पुरून घेतलं. त्याच चर्चच्या आवारात कवी लॉरेन्स बिन्यन ह्यांच्या अस्थी विसर्जित केल्या. युद्धात पडलेल्यांवरच्या त्यांच्या कवितेतल्या ओळी दर नोव्हेंबरात इंग्लंडभर म्हणतात. ह्याच बिन्यन ह्यांनी १९३२मध्ये अकबराचं चरित्र लिहिलं.

आणि ती विहीर. खडूत पाणी थांबत नाही, खाली मुरत जातं, म्हणून ती साडेतीनशे फुटांहून खोल खणावी लागली. विचार करा, पाणी इतकं खाली आणि बेल इतका जवळ. नाताळच्या दिवसांत ह्या विहिरीपाशी रस्त्यावरच गावकरी सोंगं आणतात. दोघं लढतात, एक मरून पडतो, वैद्य येऊन त्याला उठवतो. गावजत्रेतली सोंगं पाहिलेल्या मराठी माणसाला ह्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. मग वाफाळतं 'पंच' फिरवतात. हा शब्द आपल्याच 'पाच'वरून, पाच जिनसांवरून आला, असं बरेच कोशकार मानतात. खडूच्या टेकडीवर कडाक्याच्या थंडीत, हातात गरम पेला आणि ओठांवर आपला आकडा, हे मला फार आवडतं.

उन्हाळ्यात तो बागेत बसतो. शेजारीच क्रिकेटचं मैदान. चौकार गेला तरी कुणी ओरडत नाही, पेले टेबलावर हलकेच आपटतात.

दुपारी तो झोपतो. ही सवय त्याला सरकारने लावली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार दुपारी पिऊन कामावर जाऊ नयेत, म्हणून देशभरचे पब दुपारी बंद ठेवायला लावले. युद्ध संपलं, कारखाने संपले, सक्ती राहिली ती थेट १९८८पर्यंत. सक्ती उठल्यावर बहुतेकांनी दिवसभर दारं उघडी ठेवली. बेलने ठेवली नाहीत. त्याला आता वामकुक्षीची गोडी लागली होती.

त्याच्या जातीची माणसं कमी होतायत. आसपासच्या खेड्यांतून चालताना फाटकांवर पाट्या दिसतात, 'जुना बेल', 'जुना मुकुट', आत पडदे लावलेलं कुणाचं तरी सुंदर राहतं घर. आधी दारूचा धंदा बसतो, मग पब विकला जातो, मग पाटी तेवढी उरते. अशा पाटीपाशी मी नेहमी थोडा थांबतो. गावात बसायची जागा गेली की माणसं गाडीतून उतरून सरळ घरात शिरतात आणि शेजाऱ्याला नावाने ओळखेनाशी होतात. बेलकडे आलं की धीर येतो. बाकावर जागा करून देणारं कुणीतरी इथे अजून आहे.

रात्री शेवटची फेरी पुकारतात तेव्हा पेल्याच्या तळाशी उरलेलं लोक सावकाश संपवतात. खिडकी मिटते. कुत्री आधी बाहेर पडतात, मग माणसं. तळघरात उद्याचं पिंप आडवं पडलेलं असतं, गाळ खाली बसायची वाट बघत.

सोमवारी जाऊ नका, त्याची सुट्टी असते. मंगळवारी दुपारच्या आत पोचा, आणि पाव दोन सांगा.